साडभाऊंचा खार

चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून जेवढ्या चारचाकी गाड्या रस्त्यावर धावतात, त्यांतल्या निम्म्या पेट्रोल-डिझेलवर चालतात आणि उरलेल्या निम्म्या आमच्या साडभाऊंच्या टूथब्रशवर. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म वनखात्याची जीप चालवण्यात गेला, आता निवृत्त होऊन मोहर्लीला राहतात. मोहर्लीला अख्खी दुनिया वाघ बघायला येते. हा एकच माणूस असा, जो वाघ बघायला आलेल्यांच्या बॅटऱ्या बघतो. गाडी येऊन उभी राहिली, आतले पाहुणे टोप्या आणि दुर्बिणी सावरत उतरले, की हे हात मागे बांधून शांतपणे पुढं होतात आणि म्हणतात, "जरासं बोनट उघडता का जी?" पाहुण्यांना वाटतं काहीतरी तपासणी आहे. ते मुकाट्यानं उघडतात. पुण्याच्या एका बाईंनी तर पर्समधून ओळखपत्रसुद्धा काढून दिलं होतं. साडभाऊंनी ते चष्मा लावून पुढून-मागून वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर हाये बाई, पन मायनसवर खार आला."

हा खार म्हणजे साडभाऊंचा जन्माचा वैरी. बॅटरीला दोन टोकं असतात, त्यांवर वायरींचे चिमटे कसलेले असतात, आणि त्या चिमट्यांवर दुर्लक्ष झालं की पांढरा नाहीतर हिरवट भुगा फुलून येतो. तुम्हाआम्हाला तो दिसतच नाही, कारण बोनट उघडणं हे काम आपण मिस्त्रीवर टाकून मोकळे झालेलो असतो. साडभाऊंना तो बंद बोनटाच्या वरूनही दिसतो, असा माझा जुना संशय आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला जुनीच, पण स्वतःची गाडी घेऊन गेलो होतो. सासूबाई ओवाळायला तबक घेऊन दारात उभ्या, मी ऐटीत मान पुढं केलेली, आणि साडभाऊ गाडीच्या आत कमरेपर्यंत शिरलेले. आतूनच आवाज आला, "मास्तर, पोरगी चांगली भेटली तुमाले, पन बॅटरीकडे लक्ष नाई तुमचं." वाऱ्यानं निरांजन विझलं. सासूबाईंनी पुन्हा काडी ओढली तशी साडभाऊ डोकं बाहेर काढून गंभीरपणे म्हणाले, "थांबा मामीजी, इथी आग नका आनू. बॅटरीतून गॅस निघते." त्या वर्षी मला गाडीपासून वीस पावलं लांब नेऊन, गोठ्यापाशी उभं करून ओवाळण्यात आलं.

त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते. कुणाच्या तरी लग्नातली, नवरा-नवरीची नावं धुऊन धुऊन पुसट झालेली. तिच्यात दहा नंबरचा पाना, खायच्या सोड्याचा डबा, पॉलिश पेपरचे तुकडे, वॅसलीनची डबी, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि टूथब्रश. टूथब्रश किती, ते त्यांनाही ठाऊक नसावं. नातेवाइकांकडे मुक्कामाला गेले की परत येताना त्यांच्या पिशवीत एक-दोन वाढलेले असतात. 'जुना ब्रश' या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी फार ऐसपैस आहे. एकदा माझा चार दिवसांपूर्वी घेतलेला ब्रश असाच गेला. फोन करून विचारलं तर म्हणाले, "त्याचे केस वाकले व्हते, मास्तर. तुमी दात लई जोरानं घासता." तेव्हापासून ते येणार म्हटलं की आमची ही घरातले सगळे ब्रश कपाटात कोंडते आणि एक खरोखरीचा जुना समोर ठेवते, नैवेद्य दाखवल्यासारखा. सोड्याचीही तीच कथा. माझी आकडसासू, म्हणजे त्यांची बायको, मोठी सोशिक बाई. पण पाहुण्यांपुढं भजी ठेवताना ती न चुकता सांगते, "फुगले नसतील तं समजून घ्या. आमच्या घरचा सोडा कढईले कमी अन् बॅटरीले जास्त लागते."

आता पद्धत. ही पद्धत मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पहिल्यांदा गाडी बंद, चावी काढलेली. मग हातातली अंगठी काढायची, कारण अंगठी आणि पाना एकदम दोन्ही टोकांना टेकले तर बोट भाजतं. साडभाऊ स्वतःची अंगठी रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवतात आणि बघणाऱ्यांनाही काढायला लावतात. आमच्या गल्लीत एकदा सातजण अंगठ्या मुठीत धरून एका बॅटरीभोवती उभे होते. मग काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना ते बघायचं, आत सोडा गेला तर बॅटरी कामातून गेली. गरम पाण्यात सोडा कालवून ओतायचा, की फसफस सुरू होते. ही फसफस म्हणजे त्यांच्या आयुष्यातला परमोच्च आनंद. ब्रश हातात तसाच धरून, मान तिरपी करून ऐकत राहतात आणि हळूच म्हणतात, "पाहा, खार सुटून राह्यला." मग घासणं, साध्या पाण्यानं धुणं, कोरडं करणं, चिमट्याच्या आतून पॉलिश पेपर फिरवणं. लावताना लाल आधी, काळी शेवटी. वरून वॅसलीनचा हात, म्हणजे हवा लागत नाही आणि खार लवकर परतत नाही. आम्ही शाळेत पाढे म्हणतो तसं ते प्रत्येकाकडून वदवून घेतात, "काढतानी काळा पयले, लावतानी काळा मांगून." आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही एकदा मधल्या सुट्टीत, सगळ्या शाळेदेखत, हे तीनदा म्हणून गेले आहेत.

एवढं वेड लागायला कारण काय, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. कारण अर्थातच वाघ. पण आमच्याकडच्या गोष्टीत वाघ असला तरी त्याच्याकडं फार लक्ष द्यायचं नसतं. झालं असं, की ऐन दुपारी एका पाणवठ्याजवळ साहेबांनी जीप थांबवायला सांगितली. यांनी इंजिन बंद केलं. वाघ आला, पाणी प्यायला, आणि जीपच्या समोर वीस पावलांवर सावलीत आडवा झाला. साहेब पुटपुटले, चला. यांनी चावी फिरवली, नुसतं 'टक्' वाजलं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. दोन तास वाघ जांभया देत होता, साहेब रामनाम घेत होते, आणि साडभाऊ मनातल्या मनात आठवत होते की बोनट शेवटचं कधी उघडलं. वाघ कंटाळून गेला तेव्हा यांनी उतरून बघितलं, तर लाल टोकावर मुठीएवढा खार. "वाघानं काई नाई केलं, मास्तर," ते सांगतात, "जे केलं ते खारानं केलं." त्यांच्या आवाजात वाघाबद्दल आजही मला थोडी कृतज्ञताच ऐकू येते.

त्यानंतर या माणसानं जात, धर्म, भाषा, ओळख काही पाहिलं नाही. एकदा कुणाच्या तरी बारशाला एटापल्लीला गेले. बाळ राहिलं बाजूला, हे बाजारात एका म्हाताऱ्याच्या जीपपाशी रमले. म्हातारा फक्त गोंडी बोलणारा, यांना गोंडीतले चार शब्द येतात आणि त्यांतला एकही बॅटरीचा नाही. पण दोघं दोन तास बोलत होते, हा आपल्या भाषेत, तो आपल्या भाषेत, आणि निघताना म्हाताऱ्यानं यांना पळसाच्या पानात बांधून मूठभर चारोळी दिली. फसले फक्त एकदाच. एका हिवाळ्यात वॅसलीन संपलं म्हणून यांनी टोळीचं तेल वापरलं. टोळी म्हणजे मोहाच्या बिया. थंडीत ते तेल तुपासारखं थिजतं, त्यामुळे युक्ती दिसायला फार छान होती. मोहर्लीतल्या चार गाड्यांना मोठ्या प्रेमानं लावलं. आठ दिवसांत चारही गाड्यांच्या वायरी उंदरांनी चाटूनपुसून, वर कुरतडून साफ केल्या. लोक घरी भांडायला आले. साडभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माही हाये. उंदरायची नाई. तेल चांगलं व्हतं."

तर असा हा माणूस. दुनियेचा खार धुणारा. आणि त्यानं स्वतः मात्र सात वर्षं आपल्या सख्ख्या धाकट्या भावावर खार खाल्ला, यावर बाहेरच्या कुणाचा विश्वास बसत नाही.

धाकटा भाऊ चिमूरला, कापडाचं दुकान. वडील लवकर गेले, म्हणून साडभाऊंनीच त्याला वाढवलं. मांडीवर बसवून जीपचं स्टिअरिंग धरायला शिकवलं. त्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरीला सासरी न्यायला धाकट्याचीच गाडी झेंडूच्या माळा घालून मांडवाच्या कडेला उभी. पंगती सुरू झाल्या आणि साडभाऊंना राहवेना. पोरगी ज्या गाडीत बसून सासरी जाणार, तिच्या बॅटरीवर खार असला तर? बोनट उघडलं. होताच. मग आचाऱ्याकडून गरम पाणी आणलं, पळसाच्या पानांच्या एका द्रोणात सोडा कालवला, त्यात चिमट्यांचे दोन नटबोल्ट भिजत घातले, आणि द्रोण शेजारच्या टेबलावर ठेवून हे वायरी घासायला लागले. त्या टेबलावर मठ्ठ्याचे द्रोण मांडलेले होते. सोड्याचं पाणी पांढरट, वर फेस. वाढप्याचं काय चुकलं? त्यानं सगळे द्रोण ताटात घेतले आणि पंगतीत नेऊन वाढले. आमचा द्रोण गेला नेमका नवऱ्या मुलाच्या मामांकडं. मामांनी तोंडाला लावला आणि दातावर नट वाजला. गिळलं काही नाही, सगळं थुंकलं, चुळा भरल्या. पण तो नट वाजल्याचा आवाज मी समोरच्या पंगतीत बसून ऐकला आहे.

पुढं जे व्हायचं ते झालं. वरपक्ष ताटावरून उठायला लागला. धाकटा हात जोडत, पाया पडत फिरला, कशीबशी समजूत घातली, आणि मग घामानं भिजलेला तसाच गाडीपाशी आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, गाडीवर नाई, तुमच्या डोक्यावर खार आला हाये. घरी जा तुमी." साडभाऊंनी मामांच्या ताटाशेजारून दोन्ही नट उचलून आणले, पुसले, लाल आधी कसली, काळी नंतर कसली, वॅसलीन लावलं, बोनट हलक्या हातानं बंद केलं. हात धुतले आणि न जेवता एसटी स्टँडकडं चालायला लागले. संध्याकाळी नवरीची गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. ते बघायला साडभाऊ नव्हते.

त्यानंतर सात वर्षं दोघं बोलले नाहीत. बस चिमूरवरून जायला लागली की साडभाऊ उठून पलीकडच्या खिडकीशी बसायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "साडभाऊ, साऱ्या जिल्ह्याचा खार धुता, आणि घरचा तेवढा जपून ठेवता?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या गाडीत डिस्टिल वाटर पाहिलं का?" मला राग आला. असा राग आला की महिनाभर मी मोहर्लीला गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्याच्या बायकोचा आमच्या हिला फोन आला. धाकट्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. दुकान बंद केलं होतं, आणि मुलगी त्यांना दोघांना कायमचं पुण्याला न्यायला येत होती. गाडी आठ महिने चिंचेखाली उभी, तिला सोमवारी गिऱ्हाईक यायचं होतं आणि ती सुरू होत नव्हती. शेवटी ती बाई म्हणाली, "ते कोनाले म्हनत नाई काई. पन रोज गाडीपाशी जाऊन उभे राह्यतात." मी ऐकलं आणि लक्षात आलं, की आता नाही तर कधीच नाही. पुण्याला गेल्यावर एक मोहर्लीत, एक पुण्यात, दोघंही साठी ओलांडलेले, दोघंही हट्टी. मधे उभं राहायला ती खटारा गाडीसुद्धा उरणार नव्हती.

मी मोहर्लीला निघालो. वाटेत बरेच डाव आखले. चिमूरजवळ गाडी बंद पडल्याचं सोंग करावं म्हटलं, तर माझ्या गाडीत धडधाकट म्हणावा असा एकच अवयव आहे, ती बॅटरी. आणि ती कुणाच्या कृपेनं, ते सांगायला नको. तेव्हा सरळ खरं सांगितलं. वारं गेल्याचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं, गाडीचं सांगितलं. साडभाऊ ओट्यावर बसून ब्रश निवडत होते. हातातला ब्रश पिशवीत टाकला. मग खाली बघत विचारलं, "खार कोन्ता हाये? पांढरा का हिरवा?"

मी कपाळाला हात लावला. पण चिमूरला फोन लावला. धाकट्याची बायको फोन कानाला धरून चिंचेखाली गेली, शेजाऱ्याकडून बोनट उघडवलं, आणि बघून म्हणाली, "मोरपंखी हाये जी. माह्या लग्नातल्या शालूसारखा." साडभाऊ उठलेच. पायांत चपला सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली. "हिरवा म्हन्जे पार वायरीच्या तांब्यापर्यंत गेला, मास्तर. मंग वेळ नसते. चला."

चिमूरला पोचलो तेव्हा धाकटा ओसरीत खुर्चीवर बसला होता, काठी मांडीवर आडवी. यांनी त्याच्याकडं बघितलं नाही, त्यानं यांच्याकडं बघितलं नाही. साडभाऊ थेट गाडीपाशी गेले, पिशवी उतरवली, अंगठी काढून रुमालात बांधली आणि बोनटाला हात घातला. शेजाऱ्यानं जाताना ते पुन्हा लावलं होतं. बोनटाची कडी गाडीच्या आत, गाडी कुलपात, आणि चावी परत धाकट्याच्या खिशात. मागायला बोलावं लागणार होतं. हे उभे, तो बसलेला. आकडसासू सोबत आली होती, ती माझ्याकडं बघत होती, मी चिंचेकडं बघत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. मग धाकटा काठी टेकत उठला, पाय ओढत आला, दार उघडलं, वाकून कडी ओढली. खट् वाजलं. तो तसाच वळला आणि घरात गेला.

साडभाऊंनी बोनट उचललं. काळी सोडली. पाना दोनदा निसटला. हात कापत होते. कधीपासून, ते मला माहीत नव्हतं. मला म्हणाले, "मास्तर, गरम पानी सांगा." सांगायची वेळ आली नाही. धाकटा दारातून येत होता. मागं त्याची बायको पाण्याचं भांडं घेऊन, आणि त्याच्या चांगल्या हातात काठीऐवजी पळसाचा एक द्रोण. पाय ओढत गाडीपर्यंत आला आणि द्रोण पुढं धरून म्हणाला, "नट याच्यात ठेवा, दादा. मी धरून ठेवतो. खाली ठेवत नाई."

साडभाऊंनी दोन्ही नट द्रोणात टाकले. वरून सोड्याचं पाणी ओतलं. फसफस सुरू झाली. दोन म्हातारे मान तिरपी करून ऐकत उभे राहिले, आणि मला, खरं सांगतो, डोळे पुसायला चिंचेच्या मागं जावं लागलं. तिकडून ऐकू आलं ते एवढंच. धाकटा म्हणाला, "हात थरथरून राह्यला तुमचा." आणि हे म्हणाले, "तुहे डोळे तेवढे चांगले राह्यले म्हनायचे." मग दोघंही हसल्याचा आवाज आला. त्या दिवशी साडभाऊ त्या घरात जेवले. सात वर्षांचं एकदम जेवले. आकडसासूला डोळ्यांनी दटावावं लागलं. गाडी शेजारच्या गाडीवरून वायरी जोडून सुरू केली, आणि सोमवारी गिऱ्हाईक येऊन घेऊनही गेलं.

धाकटा पुण्याला गेला. दर रविवारी सकाळी दोघांचा फोन असतो. जावयाच्या सोसायटीत खाली किती गाड्या उभ्या आहेत, त्यांतल्या किती जणांनी बोनट उघडून दाखवलं, याचा वृत्तान्त तिकडून येतो आणि इकडून सूचना जातात. पुण्याचे लोक सहज उघडत नाहीत म्हणतात. साडभाऊंच्या पिशवीत आता पानाच्या द्रोणांची एक चळतही असते आणि पद्धतीत एक कलम वाढलं आहे: नट द्रोणात, आणि द्रोण माणसाच्या हातात.

परवा ते आमच्याकडं आले. माझी शाळेची वेळ झालेली, पण बोनट उघडल्याशिवाय सुटका नव्हती. दोन्ही नट त्यांनी द्रोणात टाकले आणि माझ्या हातात दिला. ब्रश फिरवता फिरवता मधेच थांबले, रस्त्याकडं बघत राहिले. मग द्रोणात बघून म्हणाले, "धाकटा धरे तं पानी हालत नव्हतं, मास्तर. तुमचा हात हालून राह्यला."

माझा हात स्थिर होता. द्रोणाच्या कडेला त्यांनी बोट टेकवलं होतं, ते कापत होतं. मी म्हटलं, "हो जी, हालते थोडासा," आणि द्रोण दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.